पीआरएन, एबीसी आयडी, विषय नोंदणी : विद्यापीठाच्या पोर्टलवरची आपली नोंद कोणी उघडून पाहिली आहे का?

तळ्याकाठी (धागाकर्ती)

बारावीचा निकाल लागला की कुठली शाखा घ्यावी, कुठलं कॉलेज बरं, यावर इथे भरपूर चर्चा होते. प्रवेश मिळाल्यानंतर काय होतं यावर फारसं कोणी लिहीत नाही. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते आणि प्रवेश समितीचं काम बघते. मुलांचं नुकसान होताना मी पाहते, ते बहुतेकदा पोर्टलवरच्या एखाद्या चौकटीत चुकीचं काही टाइप झाल्यामुळे झालेलं असतं. ते होतं पहिल्या वर्षाच्या जुलैत आणि कळतं तिसऱ्या वर्षी, गुणपत्रिका हातात आल्यावर. म्हणून हा धागा.

विद्यार्थ्याची माहिती आपल्याकडे एका जागी नसते. विद्यापीठाचं प्रवेशपूर्व नोंदणीचं पोर्टल वेगळं, महाविद्यालयाची प्रवेश आणि फीची व्यवस्था वेगळी, परीक्षा विभागाची प्रणाली वेगळी. त्यात केंद्राची अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, जिथे मुलाने मिळवलेली क्रेडिट (श्रेयांक) साठवतात, आणि शिष्यवृत्तीसाठी राज्याचं महाडीबीटी पोर्टल. तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच मोबाईल नंबर या सगळीकडे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांनी भरलेला असतो. यांना जोडणारा दुवा म्हणजे पीआरएन, कायम नोंदणी क्रमांक. पात्रतेची कागदपत्रं तपासून विद्यापीठ तो देतं आणि पदवी मिळेपर्यंत तोच राहतो. पीआरएनला जे नाव चिकटलं ते हॉल तिकिटावर, गुणपत्रिकेवर आणि पदवीवर जातं.

सगळ्यात जास्त त्रास नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, कित्येकदा वडिलांचं नाव नसतंच. पोर्टलवर तीन चौकटी असतात. गुणपत्रिका समोर ठेवून जो भरतो तो ज्या क्रमाने दिसतं त्या क्रमाने भरत जातो, आणि मुलीचं पहिलं नाव 'जाधव' होऊन बसतं. एबीसीचं खातं उघडतं डिजिलॉकरमधून, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अॅपमधून, तिथे नाव आधारवरून येतं. पुढे विद्यापीठ क्रेडिट चढवायला घेतं तेव्हा दोन्ही नावं जुळत नाहीत आणि त्या मुलीची नोंद अडकते. तिला याचा पत्ताच नसतो, कारण निकाल तर लागलेला असतो.

इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच. वाघमारे डब्ल्यूने की व्हीने, शिंदेमध्ये शेवटी ई की आय, हे घरातल्या घरात भावाबहिणींचं वेगळं असतं. त्यात चूक बरोबर असा प्रश्न नाही. सगळीकडे एकच असणं महत्त्वाचं, आणि दहावीचं प्रमाणपत्र हा आधार धरणं सोयीचं पडतं, कारण ते बदलणं सर्वांत कठीण. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणं त्यामानाने सोपं.

दुसरी गोष्ट विषय नोंदणीची. नवीन शैक्षणिक धोरण राज्यात २०२३-२४ पासून विद्यापीठ विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत आलं आणि २०२४-२५ पासून सगळ्या संलग्न महाविद्यालयांत. पूर्वी 'एफवायबीए, मराठी-इतिहास-राज्यशास्त्र' एवढं सांगितलं की झालं. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय, कौशल्याचे दोन प्रकारचे कोर्स, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञान प्रणालीचा, शिवाय सहअभ्यासक्रम. पुढच्या वर्षांत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आणि फील्ड प्रोजेक्ट. प्रत्येकाचा स्वतंत्र कोड. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. मूल वर्गात बसतं एका विषयाच्या आणि पोर्टलवर कोड असतो दुसऱ्याचा, असं दर वर्षी घडतं. परीक्षेचा अर्ज कोडवरून तयार होतो, वर्गातल्या हजेरीवरून नाही.

माझं सांगणं एवढंच, की प्रवेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुरुस्ती आमच्या पातळीवर होते. महाविद्यालयाचं लॉगिन उघडं असतं, लिपिक बदल करून देतो. यादी विद्यापीठाकडे गेली की तीच दुरुस्ती अर्ज, प्राचार्यांचं पत्र, शुल्क आणि विद्यापीठाच्या खिडकीपर्यंत जाते. आमच्याकडून विद्यापीठ शंभर किलोमीटरच्याही पुढे आहे. तिकडे जाणारं मूल एक दिवसाची मजुरी बुडवून जातं.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत ते लिहा. परीक्षा विभागात काम केलेले कोणी असतील तर त्यांनी नक्की लिहावं.

गावठाण

मॅडम, फार गरजेचा विषय. माझ्या पुतणीचा फॉर्म आम्ही तालुक्याला नेट कॅफेत भरला. तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता, माझा नंबर दिला तर ओटीपी यायला रेंज नाही. कॅफेवाल्याने स्वतःचाच नंबर टाकला, ईमेल पण त्यानेच काढला. भला माणूस आहे, काम अडू नये म्हणून केलं. पण आता पासवर्ड विसरला की त्याच्याकडे जावं लागतं आणि त्याने दुकान हलवलं. दुसरं वर्ष सुरू होतंय. काय करावं?

तळ्याकाठी

गावठाण दादा, हे फार ठिकाणी आहे. हंगामात एकेका कॅफेवाल्याच्या नंबरावर कितीतरी मुलं नोंदलेली असतात. आधी त्याच्याकडून ओटीपी घेऊन एकदा आत शिरा आणि मोबाईल, ईमेल दोन्ही बदला. तो भेटतच नसेल तर पुतणीने महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज द्यावा, सोबत ओळखपत्र आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका. नंबर बदलून देण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाच्या लॉगिनला असतो. नसेल तर महाविद्यालय विद्यापीठाला कळवतं. नवा नंबर घरातला, निदान पदवी होईपर्यंत टिकणारा असावा. डिजिलॉकरला आधारशी जोडलेला नंबर लागतो, तो कुठला आहे तेही याच वेळी बघून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात, म्हणून ते खातं चालू आहे ना याची चौकशी बँकेत करा.

जुनी_वही

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालो. तळ्याकाठी यांनी सांगितलेला कोडचा मुद्दा आतून कसा दिसतो ते लिहितो.

महाविद्यालय परीक्षा अर्ज इनवर्ड करतं, म्हणजे स्वीकारून पुढे पाठवतं, तेव्हा पोर्टलवरच्या विषय कोडांची यादी आमच्याकडे येते. त्यावरून कुठल्या केंद्रावर कुठल्या विषयाच्या किती प्रश्नपत्रिका लागतील ते ठरतं, बैठक क्रमांक पडतात, हॉल तिकीट निघतं. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी सांगतो, माझा विषय हा नाही. केंद्रप्रमुख त्याला बसू देतात, कारण मुलाचं वर्ष वाया घालवायची कोणाची इच्छा नसते. उत्तरपत्रिका तपासली जाते, गुण येतात. पण ते गुण ज्या कोडखाली आले त्या कोडला हा विद्यार्थी नोंदलेलाच नाही, आणि ज्याला नोंदला आहे त्यात तो गैरहजर. म्हणजे एका बाजूला मालक नसलेले गुण आणि दुसऱ्या बाजूला 'अनुपस्थित' शेरा. निकाल राखीव. हे सोडवायला हजेरीपट, उत्तरपत्रिका आणि महाविद्यालयाचं पत्र असं सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं. एका मुलासाठी जेवढा वेळ जातो तेवढ्यात इतर शेकडोंचं काम झालं असतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. ही मुदत पाळायची तर राखीव निकाल कमी असावे लागतात, आणि ते कमी होतात नोंदणीच्या वेळी.

आणखी एक सांगतो. नवी प्रणाली घाईने आणली की काय होतं ते २०१७ साली मुंबई विद्यापीठात सगळ्या राज्याने पाहिलं. उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासण्याची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लावली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली होती, तीही पाळता आली नाही. परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची तारांबळ उडाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पद्धत वाईट होती असं मी म्हणत नाही, ती आता रुळली आहे. पण एका लहान शाखेत आधी एक सेमिस्टर चालवून बघायला हवी होती.

पालवी_एसवाय

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

तपासा, तपासा असं आम्हाला सांगतात, पण तपासायला दिसतं काय? आमच्या पोर्टलवर विषयांची नावं नाहीत, नुसते कोड आहेत. कोडचा अर्थ वेगळ्या पीडीएफमध्ये, ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर कुठेतरी. फोनवर तीन चौकटींमधली तिसरी दिसतच नाही, पान आडवं सरकवावं लागतं. वर्गात अर्ध्याहून जास्त मुलामुलींकडे लॅपटॉप नाही.

ओपन इलेक्टिव्हची नोंदणी सकाळी दहाला उघडली. ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांना हवे ते विषय मिळाले. एसटीने येणारी मुलं कॉलेजला पोहोचेपर्यंत जागा भरल्या होत्या. माझ्या मैत्रिणीला वित्तीय साक्षरता हवं होतं, तिला उरलेला विषय घ्यावा लागला. नंतर वेळापत्रक लागलं तर तिचा तो तास आणि मायनरचं प्रॅक्टिकल एकाच वेळी. निवड करायचं स्वातंत्र्य धोरणात आहे, मग ते सगळ्यांना सारखं मिळायला नको का? चूक आमच्याकडून राहिली असं सगळे म्हणतात. आम्हाला नीट दाखवलंच नाही याची जबाबदारी कोणाची?

ओसरीवर

पालवीला पूर्ण अनुमोदन. एसटीचा मुद्दा कोणाच्या डोक्यात येत नाही.

अर्धविराम

मी अशा प्रणालींवर काम करणारा प्रोग्रॅमर आहे. पालवीचे दोन्ही मुद्दे योग्य आहेत आणि दोन्ही सुटण्यासारखे आहेत.

'जो आधी येईल त्याला' ही पद्धत प्रोग्रॅम लिहायला सोपी, म्हणून ती ठेवतात. त्यामुळे दहाच्या ठोक्याला सगळे एकदम येतात, सर्व्हर झोपतो आणि ज्याचं नेट चांगलं त्याला जागा मिळते. त्याऐवजी आठवडाभर पसंतीक्रम भरून घ्यायचा आणि मग एकदम वाटप करायचं. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांमध्ये राज्यात हेच होतं, मुलांना आणि पालकांना ते माहीत आहे. कॉलेजच्या पातळीवर हे गणित अगदी छोटं आहे. सर्व्हरवरही भार पडत नाही, कारण रात्री अकराला भरलं काय नि दुपारी भरलं काय, फरक नाही. वेळापत्रक आधी ठरलं असेल तर ज्या दोन विषयांचे तास एकमेकांवर येतात ते प्रणाली स्वतःच अडवू शकते. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी नोंदणी आधी होते आणि वेळापत्रक नंतर लागतं. तो क्रम प्राचार्यांनी बदलायचा, त्यात संगणकाचं काही नाही.

आता नावांबद्दल. राज्यातली बरीच विद्यापीठं कित्येक वर्षं एमकेसीएलच्या डिजिटल युनिव्हर्सिटीवर चालत होती. आता दिल्ली विद्यापीठात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून तयार झालेली समर्थ ही प्रणालीही आपल्याकडे येते आहे. प्रणाली बदलली की जुनी माहिती नव्यात ओतावी लागते आणि तिथे आपल्या नावांची फार ओढाताण होते. जुन्यात पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल तर ते तोडायचं कुठे? 'आडनाव नाव वडील' असं धरून तोडलं तर ज्यांनी आडनाव शेवटी लिहिलं त्यांचं सगळं उलटं होतं.

देवनागरीत आणखी एक घोळ आहे. जुनी नावं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात, ती बदलताना जोडाक्षरं फुटतात. आणि कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या आडनावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. शोध घेतला तर सापडत नाही, तुलना केली तर जुळत नाही. जुळवण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेणं हे थोडक्या ओळींचं काम आहे, पण करणाऱ्याला मराठी येत असेल तरच ते सुचतं.

पैलतीर

अमेरिकेत राहते, मुलगी इथल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते, म्हणून तुलनेसाठी लिहिते. इथे सगळं सोन्याचं आहे असं सांगायचा हेतू नाही.

नोंदणी इथेही ऑनलाइन, पण सगळ्यांना एकदम उघडत नाही. ज्याची क्रेडिट जास्त झाली त्याला आधीची वेळ मिळते, कारण शेवटच्या वर्षाच्या मुलाला आवश्यक विषय मिळाला नाही तर त्याची पदवी लांबते. आधीचा विषय पास नसेल तर प्रणाली पुढचा घेऊच देत नाही. वर्ग भरला तर प्रतीक्षा यादी असते, कोणी विषय सोडला की पुढच्याला कळवतात. मला सर्वांत उपयोगी वाटलं ते म्हणजे पदवीचा हिशोब दाखवणारं पान. कुठली अट पूर्ण झाली, कुठली बाकी, किती क्रेडिट उरली, हे केव्हाही बघता येतं. आपल्याकडे क्रेडिटची रचना आली आहे तर हे पान सोबत यायला हवं होतं.

त्रासही आहेत. फी किंवा एखादा दंड बाकी असला की खात्यावर 'होल्ड' लागतो आणि नोंदणी बंद. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं : पदवीच्या पातळीवर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट असावी लागतात. परवानगी न घेता एखादा विषय सोडला आणि त्याखाली गेलं तर व्हिसाच्या दर्जावरच गदा येते. बटण दाबायच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं.

आणि इथे मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो. १९७४ चा फर्पा कायदा आहे. मुलीचे गुण मला हवे असतील तर साधारणपणे तिची संमती लागते. सुरुवातीला मला ते जड गेलं. आता वाटतं, कॅफेवाल्याच्या नंबरावर मुलीचं खातं असणं आणि हे, यात मुलीच्या बाजूचं काय आहे ते उघड आहे.

मीनल_ठा

माझा प्रश्न वेगळा आहे. लग्नाआधी पदवीची दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं. आता पूर्ण करायचं आहे. नवीन धोरणात मध्येच सोडून परत येता येतं असं ऐकलं. माझं आधार आता सासरच्या नावाने आहे. पीआरएन माहेरच्या नावाने. माझी जुनी दोन वर्षं एबीसीमध्ये दिसतील का?

तळ्याकाठी

मीनलताई, आधी एक स्पष्ट करते. मध्ये सोडून परत येण्याची जी सोय आहे ती क्रेडिट पद्धतीत शिकलेल्यांसाठी आखलेली आहे. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८० ते ८८ वर पदविका, आणि बाहेर पडताना वर कौशल्याची ४ क्रेडिट. एबीसी सुरू झाली २०२१ च्या जुलैत. त्यात साठवलेली क्रेडिट साधारण सात वर्षं ग्राह्य धरतात. तुमची वर्षं जुन्या अभ्यासक्रमातली असतील तर ती आपोआप तिथे दिसणार नाहीत. गुणपत्रिका तुम्ही स्वतः एबीसीत टाकू शकत नाही, नोंद फक्त संस्था करते. म्हणून तुमचा मार्ग महाविद्यालयातून, विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे. जुन्या विषयांना नव्यात काय समकक्ष धरायचं ते तिथे ठरतं. दोन्ही गुणपत्रिका आणि पीआरएन घेऊन प्रवेशाच्या तारखांआधी जा. प्रवेश सुरू झाल्यावर त्या खिडकीवर कोणालाच वेळ नसतो.

नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागेल. पण घाईने पीआरएनचं नाव बदलू नका. दहावी, बारावी आणि दोन वर्षांच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने आहेत. पदवीही त्याच नावाने घेतली तर सगळी शैक्षणिक कागदपत्रं एकसारखी राहतात. जोडणारा कागद म्हणून विवाह प्रमाणपत्र पुढे नोकरीतही चालतं. मात्र आधारच्या नावाने एबीसीचं खातं उघडल्यावर जुळणीत अडेल, हे पात्रता विभागात आधीच लेखी विचारा.

पालवी, तुझ्या प्रश्नाला उत्तर देते. जबाबदारी आमची आहे. नुसत्या कोडची यादी दाखवून 'सबमिट' करून घेणं म्हणजे संमती नव्हे. विषयाचं पूर्ण नाव, शिकवणाऱ्या विभागाचं नाव, क्रेडिट आणि स्वतःचं नाव दोन्ही लिप्यांत, हे मराठीतून एका पानावर दाखवून विद्यार्थ्याची सही घ्यायला हवी. प्रणालीत ते होत नसेल तर छापून घ्यावं. आमच्याकडे या वर्षीपासून प्रत्येक वर्गात यादी वाचून दाखवायचं ठरलं आहे. सेमिस्टरच्या पहिल्या तासालाच, प्रत्येकाचं नाव आणि विषय मोठ्याने. वेळ जातो, पण मागच्या बाकावरची मुलंही उठून सांगतात की मॅडम, माझा मायनर चुकलाय. पसंतीक्रमाची अर्धविराम यांची सूचना मी प्राचार्यांपुढे ठेवणार आहे, तुझा एसटीचा मुद्दा धरून.

जुनी_वही

यादी वाचून दाखवणं उत्तम. त्या यादीवर वर्गशिक्षकाची सही आणि तारीख घेऊन एक प्रत कार्यालयात ठेवा. निकाल राखीव झाला तर तो कागद आमच्याकडे पुरावा म्हणून चालायचा.

गावठाण

मॅडम, पुतणीसोबत कार्यालयात जाऊन आलो. नंबर बदलून दिला. आत शिरल्यावर दिसलं की आईचं नाव चुकीचं आहे, माझ्या वहिनीऐवजी आजीचं नाव टाकलंय. गुणपत्रिकेवर आईचं नाव येतं म्हणतात. हेही कॉलेजातच होईल का?

तळ्याकाठी

येतं दादा, आणि पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर तसंच छापलं गेलं असणार, ती काढून बघा. दुसऱ्या वर्षाची यादी अजून विद्यापीठाकडे गेली नसेल तर पोर्टलवरचं कॉलेजात दुरुस्त होईल. दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत जोडा, तिच्यावर आईचं नाव असतं. छापून आलेल्या गुणपत्रिकेसाठी मात्र विद्यापीठाला वेगळा अर्ज करावा लागेल, तो कार्यालयातून प्राचार्यांच्या सहीने पाठवायला सांगा, स्वतः जाऊ नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.